न वाजलेली शिट्टी

१

बोट बुडाली होती, पण तिला कुठे भोक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी क्रेनने तिला वर उचललं, तेव्हा ती दोरांच्या झोळीत एका कुशीवर कलंडली होती आणि तिच्या अंगातून पाणी निथळत होतं. धक्क्यावर माणसं उभी होती. कप्तानाला आधीच बाहेर काढलं होतं, पहिल्याच सकाळी. चाळीस वर्षं माणसं या काठावरून त्या काठावर नेणारा म्हातारा, बायको गेल्यापासून याच बोटीत राहायचा. पाणबुड्याला तो त्याच्या झोपायच्या फळीपाशीच सापडला, पांघरुणासकट. दाराची कडी आतून साधी अडकवलेली. ती उघडायचा प्रयत्न केल्याची खूण नाही. पाणी आलं आणि त्याला झोपेतच घेऊन गेलं.

बोटी तपासायचं काम सव्वीस वर्षं करणाऱ्या बाईंना बंदरात सगळे पट्टीबाई म्हणत. कमरेला मोजपट्टी, कानामागे पेन्सिल. त्यांनी लाकडी हातोडीने बोटीची फळी न् फळी वाजवून पाहिली. सगळ्या ठणठणीत. सांधे भरलेले, रंग शाबूत.

मग त्या आत उतरल्या आणि पायाखालचं झाकण उचलून तळात डोकावल्या. प्रत्येक बोटीच्या तळात थोडं पाणी येतंच. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, तिथून थेंब थेंब झिरपतं. ते उपसायला इथे दोन पंप होते. छोटा अगदी तळाच्या खळग्यात, मोठा त्याच्या वीतभर वर. दोघांना आपापला तरंगता स्विच. पाणी चढलं की स्विच वर उचलला जातो आणि पंप सुरू होतो, पाणी उतरलं की बंद. बोटीची बॅटरी पार संपलेली होती; तिच्या तारा पंपाच्या मिस्त्रीने आधीच सोडवून ठेवल्या होत्या. पट्टीबाईंनी दुसऱ्या बॅटरीची तार जोडली आणि बोटाने स्विच उचलला.

छोटा पंप गुरगुरला. मोठाही घुमला.

"नजर लागली असेल हो बाई," क्रेनवाला वरून म्हणाला.

"नजरेने फळी ओली होत नाही."

पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. भोक नाही, पंप धडधाकट. मग पाणी आलं कुठून? आणि आलं ते गेलं का नाही?

२

कप्तानाची मुलगी भावाच्या घरी होती. तीन दिवस झाले, ती स्वतःच्या घरी गेली नव्हती. अंगणातल्या नळाखाली बसून ती बापाचे चिखलाने भरलेले कपडे धूत होती. एका लाँड्रीत ती कामाला होती. हातात तिथलेच पिवळे रबरी हातमोजे होते, आणि ओठांत गाणं होतं. गाणं म्हणजे दोनच ओळी, पुन्हा पुन्हा.

*बाहेरचं पाणी बाहेर राहू दे, आतली उशी कोरडी*
*नीज गं बाळे, तुझ्या उशाशी जागी बापाची होडी*

पट्टीबाईंना पाहून ती थांबली. "बाबांचं आहे. मी लहान असताना म्हणायचे. आता हे कपडे घालणार कोणी नाही, माहीत आहे मला. पण चिखलाचे कसे टाकून देऊ?"

"धुवा. मी बसते."

तिने एक सदरा नळाखाली धरला. मग ती म्हणाली, "बाई, मला एवढंच सांगा. ह्यांच्या हातून झालं का?"

"कोणाच्या?"

"माझ्या नवऱ्याच्या. पंप त्यांनीच बसवले होते. भाऊ म्हणतो, त्यांचंच काम कच्चं. त्यांना विचारलं तर खाली मान घालून बसतात. अकरा वर्षांत हा माणूस माझ्यासमोर कधी गप्प बसला नव्हता हो. तुम्ही खरं काय ते सांगा, म्हणजे कुठल्या घरात जायचं ते मला कळेल."

"बाबांचं आणि त्यांचं पटायचं?"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दोघं भांडायचे की. बाबा म्हणायचे, एक दांडगा पंप टाक आणि मोकळा हो. हे म्हणायचे, रोजच्या थेंबाला दांडगा लावला तर सारखा सुरू-बंद होऊन मरतो, बाबा. थेंबाला छोटा, संकटाला मोठा. बाबा म्हणायचे, नळवाल्या, माझ्या बोटीत संकट येतच नाही! मग दोघं माझ्याकडे बघायचे, मी कोणाच्या बाजूची ते बघायला."

"तुम्ही शेवटच्या कधी भेटलात त्यांना?"

"त्याच संध्याकाळी. ताप होता, खोकल्याचं औषध चालू होतं. झोप लागत नाही म्हणायचे. मी सगळी केबिन आवरली. उशी बदलली, पडदा धुतला, जे जे टोचत होतं ते ते नीट केलं. निघताना म्हणाले, पोरी, आज झोप लागणार बघ." तिने सदरा पिळला. "लागली."

पट्टीबाईंची नजर तिच्या हातांकडे गेली. डाव्या हातमोज्याची करंगळी नव्हती. उघडं बोट साबणाने पांढरं पडलं होतं.

"हातमोजा फाटलाय."

"चालतंय हो," ती म्हणाली. आणि मग आवाज उतरवून, "बाई, एक सांगू? भावाला सांगू नका मी बोलले ते. त्या दुपारी बोटीच्या मागच्या टोकावर एक लोखंडाचं धूड ठेवलं होतं. आदल्या दिवशी नव्हतं."

३

भाऊ दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"हो, मीच ठेवलं. जुनं इंजिन. बोटीच्या आतल्या खणात गंजत पडलं होतं. दोघा मित्रांना घेऊन काढलं, मागच्या फळ्यांवर ठेवलं, सकाळी खाली उतरवणार होतो. त्यात काय झालं?"

"वजन किती?"

"चार माणसांचं असेल." तो थांबला. "बाबांनी बोट सोडावी असं मला वाटायचं. या वयात ओलीत झोपायचं, कशाला? इंजिन काढलं की हळूहळू बाकीचंही काढता आलं असतं. मला त्यांना बोटीवरून उतरवायचं होतं, बाई. बुडवायचं नव्हतं." त्याने दाराची चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. "आणि इंजिनाने बोट बुडते होय? चाळीस माणसं वाहिलीत तिने."

"नाही बुडत," पट्टीबाई म्हणाल्या. ते खरं होतं.

पण त्यांनी बोट पुन्हा पाण्यात सोडायला लावली आणि इंजिन होतं तिथे ठेवायला लावलं. मग ओणवं होऊन पट्टी लावली. दोन्ही पंपांचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीचं तोंड बोटीच्या मागच्या बाजूला होतं. एरवी ते पाण्याच्या चार बोटं वर असे. आता ते तीन बोटं पाण्याखाली गेलं होतं.

पट्टीबाईंनी एक बादली फळीवर ठेवली आणि दुसरी तिच्या खाली. दोन्हींत एका नळीची टोकं सोडली आणि क्षणभर तोंडाने ओढून सोडून दिली. पिंपातून रॉकेल काढतात तसं वरचं पाणी खालच्या बादलीत धावू लागलं. आता ओढणारं कोणी नव्हतं, तरी ते धावतच राहिलं.

"असं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पंप चालला, नळी पाण्याने भरली. तळ कोरडा झाला, पंप थांबला. पण नळीचं बाहेरचं तोंड पाण्यात बुडालेलं. मग ज्या वाटेने पाणी बाहेर गेलं, त्याच वाटेने ते परत आत येऊ लागलं. पुन्हा स्विच वर, पुन्हा पंप सुरू. पंप बाहेर काढी, नळी आत आणी. असं करता करता बॅटरी संपली, आणि मग फक्त नळी उरली. जे बोटीला कोरडं ठेवायला बसवलं होतं, त्यानेच तिला भरलं.

पण चांगला मिस्त्री याची सोय करून ठेवतो. नळी छताखालून कमानीसारखी उंच नेतो आणि कमानीच्या माथ्यावर हवा घेणारी एक छोटी झडप बसवतो. पंप थांबला की झडप श्वास घेते, नळीतलं पाणी तुटतं, आणि परत येणारं पाणी येत नाही.

पट्टीबाई केबिनमध्ये वाकल्या. नळी वर जात होती, म्हाताऱ्याच्या उशीवरून वळत होती. कमान होती. माथ्यावर मात्र नळीचे दोन तुकडे जोडणारा नुसता साधा सांधा होता.

झडप नव्हती.

त्याच दुपारी बंदराच्या कचेरीत पंपाचा मिस्त्री, कप्तानाचा जावई, स्वतःहून एक कागद घेऊन आला. कागदावर दोनच वाक्यं होती. *हवेची झडप बसवायला मी विसरलो. सासऱ्यांचा जीव माझ्या चुकीमुळे गेला.*

४

प्रकरण मिटलं होतं. कचेरीतल्या साहेबाने फाइलला दोरा बांधला.

पट्टीबाई शेवटची सही घ्यायला शेजारच्या बोटीवर गेल्या. तिचा मालक मोठ्याने बोलायचा, म्हणून त्याला भोंगा म्हणत. कप्तानाशी त्याचं महिनाभर वाकडं होतं.

"कशावरून भांडलात?"

"त्या शिट्टीवरून!" भोंगा म्हणाला. "त्याचा पंप थांबला रे थांबला की कुकरसारखी शिट्टी. फुईईई! वर पाणीही थुंकायची ती, त्याच्याच तोंडावर. तोही वैतागला होता. पण शिट्टी झाली की उठायचा, तळात डोकावायचा, मग झोपायचा. मी म्हटलं, कप्तान, बोट आहे का रेल्वे? तर मला म्हणाला, तुझ्यापेक्षा हळूच वाजते." तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "आता वाजली तर बरं वाटेल."

"त्या रात्री वाजली?"

"तेच तर. पंप घुमत होता. सुरू, बंद, सुरू, बंद. पण शिट्टी नाही. म्हटलं, जावयाने दुरुस्त केली वाटतं, बरं झालं. कित्येक दिवसांनी डोळा लागला माझा." भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "उठून बघायला हवं होतं का हो मी?"

 पट्टीबाई कागद तिथेच ठेवून उठल्या आणि जवळजवळ धावत बोटीवर गेल्या.

शिट्टी वाजायची, याचा अर्थ झडप होती. नळीतून हवा आत घेणारं भोक असल्याशिवाय शिट्टी वाजेल कशी?

त्यांनी कमानीपाशी विजेरी धरली. बोट तीन दिवस गाळात होती. नळी आवळणाऱ्या प्रत्येक पट्ट्याच्या स्क्रूत चिखल सुकून बसला होता. फक्त माथ्यावरच्या सांध्याच्या दोन पट्ट्यांत चिखलाचा कण नव्हता. बाजूच्या फळीवर स्क्रूची दोन भोकं होती, आणि त्यांच्याभोवती न मळलेल्या रंगाचा एक गोल. खाली उशीजवळच्या लाकडावर महिनाभराच्या थेंबांचा डाग.

झडप होती. बरोबर जागी होती. बोट वर आल्यानंतर कोणीतरी ती काढली आणि साधा सांधा घातला. आणि बोट वर आल्यावर बॅटरीच्या तारा सोडवायला सर्वांत आधी आत गेला होता तो मिस्त्रीच.

पट्टीबाई म्हाताऱ्याच्या फळीवर बसून राहिल्या. सव्वीस वर्षांत आपली चूक लपवणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. आपलं बरोबर काम लपवणारा माणूस त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

५

मिस्त्रीच्या गाळ्यात भिंतीवर नळ्यांची वेटोळी टांगलेली होती. एका कपाटात उघडलेले पंप होते, जाळीत केस नि लाकडाचा भुसा अडकलेले. तो स्टुलावर बसला होता. हातात काम नव्हतं.

"झडप द्या," पट्टीबाई म्हणाल्या.

"बसवलीच नव्हती. लिहून दिलंय मी."

"शिट्टी कोण वाजवत होतं मग? भोंगा?"

 त्याने खण उघडला आणि एक पुडकं काढून मेजावर ठेवलं.

झडप होती, बोटभर उंचीची. तिच्या तोंडावर पिवळ्या रबराची एक टोपी घट्ट चढवलेली होती, आणि वरून मऊ कापडाची पट्टी बांधलेली. गाठ नाविकाची नव्हती, मिस्त्रीची नव्हती. लहान मुलीच्या वेणीला बांधतात तशी, दोन पाकळ्यांची गाठ होती.

पिवळी टोपी म्हणजे हातमोज्याची करंगळी होती.

"बाबांच्या तोंडावर पाणी उडायचं," मिस्त्री म्हणाला. "झोपमोड व्हायची. मला म्हणाले होते, नळवाल्या, याचं तोंड बंद कर. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात तिथून हलवून देतो. पुढचा आठवडा, पुढचा आठवडा. तिच्याच्याने बघवलं नसेल."

"तिला माहीत नव्हतं ते भोक कशाला असतं?"

"मी कधी सांगितलंच नाही ना! अकरा वर्षं पंपांविषयी तिचं डोकं खाल्लं मी. कुठला घ्यावा, नळी केवढी असावी, वाकडी का नसावी. एवढं एक भोक राहिलं सांगायचं." त्याने तळहातांनी डोळे दाबले. "तेवढी चूक माझीच ना, बाई? मग कागदावर नाव माझं असलं तर खोटं काय?"

"परवाना जाईल. कोठडीही होईल कदाचित."

"होऊ दे."

"ती तोंड बघणार नाही तुमचं."

"माझंच ना," तो म्हणाला. "माझं न का बघेना. आरशात तरी स्वतःचं बघेल."

पट्टीबाईंनी झडप हातात घेतली. गाठ इतक्या मायेने बांधली होती की सोडवावी असं वाटेना. भाऊ इंजिन ठेवून निघून गेला होता, बापाला कोरड्यात झोपवायचं म्हणून. मुलीने गाठ बांधली होती, बापाला सलग झोपवायचं म्हणून. नुसतं इंजिन असतं तर झडपेने श्वास घेतला असता, शिट्टी वाजली असती, म्हातारा उठला असता. नुसती गाठ असती तर तोंड पाण्याच्या वर होतं, काहीच बिघडलं नसतं. दोघं एकाच दिवशी आली, वेगवेगळ्या वेळी, आणि दोघांनी त्याला नीज म्हटलं.

"आज ठेवा ही आत," त्या शेवटी म्हणाल्या. "काय लिहायचं ते मी उद्या ठरवीन."

बाहेर कोणाची तरी धावती पावलं वाजली.

६

ती दारात उभी राहिली, धापा टाकत. लाँड्रीतून तशीच आली होती, हातात अजून पिवळे हातमोजे. आठवड्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर उजेड होता.

"बाई, बरं झालं इथेच भेटलात! कचेरीत कळलं मला. ह्यांनी काय लिहून दिलंय ते." ती नवऱ्याकडे वळली. "विसरलात म्हणे! कशाला स्वतःवर घेता हो? भाऊ बोलला म्हणून?"

"तू घरी जा," तो म्हणाला.

"नाही जात. घरीच घेऊन जायला आलेय तुम्हाला." तिने पट्टीबाईंचा हात धरला. "बाई, हे खोटं बोलताहेत. ती झडप होती. मी शपथेवर सांगते. बाबांच्या उशीच्या वरच होती, शिट्टी वाजवायची ती. मला माहीत आहे, कारण मीच—"

"थांब," मिस्त्री उठला. स्टूल आडवं पडलं.

"का थांबू? मीच तर तिला बांधली होती! त्याच संध्याकाळी. हे बघा ना." तिने डावा हात वर केला. हातमोज्यातून उघडी करंगळी बाहेर आली होती. "हा तुकडा तिच्या तोंडावर घातला आणि वरून फडकं बांधलं. बाबांना पाण्याचा त्रास होऊ नये म्हणून. म्हणजे झडप होती की नाही? ह्यांनी बसवली होती की नाही? ह्यांची काही चूक नाही, लिहा तुम्ही. माझं नाव घालून लिहा, साक्षीदार म्हणून."

पट्टीबाईंची पेन्सिल कानामागेच राहिली.

ती हसत पट्टीबाईंकडे बघत होती. मग नवऱ्याकडे. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मग तिची नजर मेजावर गेली. पुडकं उघडंच होतं. पिवळी टोपी, दोन पाकळ्यांची गाठ.

"ही इथे कशी?" ती म्हणाली. "तुम्ही काढून आणलीत? का काढलीत?"

नळ्यांच्या वेटोळ्यांमधून कुठेतरी उरलेलं पाणी टपकलं. एक थेंब. दुसरा.

"त्या भोकाचं काय काम होतं?" तिने विचारलं. आवाज आता अगदी सावकाश आला. "बाई, तुम्ही सांगा. हे तर रडताहेत. त्या भोकातून काय जायचं?"

पट्टीबाईंनी आयुष्यभर मोजलं होतं, बोटं, विती, हात. एका वाक्यात किती वजन मावतं याची पट्टी त्यांच्याकडे नव्हती. 

तिने थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली. मग तिने वाट पाहणं सोडलं.

उजवा हातमोजा तिने काढला, मेजावर नीट घडी करून ठेवला. डावा निघेना. उघड्या करंगळीपाशी तो अडकत होता. मिस्त्री वळून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात हातात घेऊन एकेक बोट सोडवू लागला. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत होती. ओठ हलत होते. पट्टीबाईंना वाटलं ती काही सांगते आहे, म्हणून त्या जवळ गेल्या.

ती बाबांच्या गाण्याची पहिलीच ओळ म्हणत होती. 'आतली उशी'पर्यंत येत होती आणि तिथून मागे फिरत होती.